थिबा राजाच्या मुलींची स्थळे

थिबाच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू हिचा जन्म १९०६ सालचा आणि थिबा राजवाडा बांधून झाला १९१० साली. रत्नागिरीत सांगितली जाणारी गोष्ट या दोन तारखांपाशी अडखळते. गोष्टीत राजवाड्याचे फाटक असते, फाटकावर गोपाळ सावंत नावाचा पहारेकरी असतो आणि जांभ्याच्या त्या भव्य वास्तूच्या कमानदार खिडकीतून थोरली राजकन्या त्याच्याकडे पाहत असते. प्रत्यक्षात टूटू जन्मली तेव्हा ती खिडकीच नव्हती. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचे कुटुंब तेव्हा भाड्याने घेतलेल्या आउट्रम हॉल नावाच्या बंगल्यात राहत होते आणि थोरलीचे वय पंचविशीच्या घरात पोचले होते. तिच्या पाठच्या तिघीही लग्नाच्या वयाच्या झाल्या होत्या. चौघींपैकी एकीचेही लग्न ठरलेले नव्हते.

राजघराण्यातल्या मुली कोणाच्या घरी पडल्या असत्या, असा जर-तरचा विचार करायची हौस जगभर आहे. बहुधा तो विचार इंग्लंडच्या राजकन्यांबद्दल होतो. व्हिक्टोरिया राणीच्या अमुक मुलीला तमुक राजपुत्र मिळाला असता तर युरोपचा नकाशा बदलला असता का, वगैरे. मला मात्र हा खेळ रत्नागिरीतच मांडावासा वाटतो, कारण इथे त्याला खरे वजन आहे. या चार बहिणींसाठी कोणकोणती स्थळे असू शकली असती आणि ती एकेक करून कोणी बंद केली, हे तपासले की थोरलीची कहाणी नव्याने वाचता येते.

आधी थोडी वंशावळ. थिबा हा मिंडॉन राजाचा मुलगा. त्याची पट्टराणी सुपायालत ही मिंडॉनचीच दुसऱ्या राणीपासून झालेली मुलगी. म्हणजे नवरा-बायको सावत्र भाऊबहीण. आपल्याला हे ऐकून धक्का बसतो, पण त्यांच्या कोनबाँग घराण्यात तीच रीत होती. राजरक्त शुद्ध राहावे म्हणून राजाने सावत्र बहिणीशी लग्न करायचे. इतकेच काय, प्रत्येक राजाच्या काळात एक राजकन्या ‘तबिंदाइंग’ म्हणून राखून ठेवली जाई. तिचे लग्न लावायचे नाही. पुढचा राजा गादीवर येईल तेव्हा ती त्याची पट्टराणी व्हायची. अशा दरबारात थोरल्या मुलीसाठी वर शोधत फिरावे लागत नाही, वर वाड्यातच वाढत असतो.

मिंडॉनला पन्नासहून अधिक राण्या होत्या आणि शंभरावर मुले. म्हणजे या रीतीला माणसांची कमतरता कधी भासली नसती. ती भासली ती दोन गोष्टींमुळे आणि त्या दोन्ही या चौघींच्या जन्मदात्यांच्याच कारकिर्दीत घडल्या. १८७८ मध्ये मिंडॉन वारला, एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या भावाबहिणींचे हत्याकांड झाले. किती जण मारले गेले याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, पण अनेक राजपुत्र आणि त्यांचे कुटुंबीय एका फटक्यात संपले. दोष कोणाचा, सुपायालतचा, तिच्या आईचा की मंत्र्यांचा, यावर वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाही. पुढे ज्या घरांतून या मुलींना चुलतभाऊ मिळाले असते, ती घरेच उरली नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक विचारात पाडते. सुपायालतने थिबाला इतर राण्या करू दिल्या नाहीत. नावापुरत्या तिच्या सख्ख्या बहिणी राण्या होत्या, पण संसार एकटीचा. ब्रह्मदेशच्या राजांत हे जवळजवळ न घडलेले होते. बाई म्हणून तिचा हा हट्ट आज आपल्याला समजू शकतो. पण त्या दरबाराच्या गणितात त्याचा अर्थ असा होता की तिच्या मुलींना सावत्र भाऊ झाले नाहीत. तिचा स्वतःचा मुलगा जगला नाही. म्हणजे राज्य टिकले असते, इंग्रज आलेच नसते, तरी १९०० च्या सुमारास मंडालेत थोरलीसाठी कोण उभा राहिला असता हा प्रश्न सुटत नव्हता. १८७९ च्या कत्तलीतून वाचलेले राजपुत्र मोजके. न्याउंग्यान आणि त्याचा भाऊ इंग्रजांच्या आश्रयाने कलकत्त्याला गेले, त्यातला न्याउंग्यान १८८५ मध्ये वारला. मिंगून राजपुत्र १८६६ च्या बंडापासूनच परागंदा होता आणि पुढे फ्रेंचांच्या आसऱ्याने पाँडिचेरी आणि सायगाव असा फिरत राहिला. लिंबिन राजपुत्राला शान सरदारांनी पुढे केले, तो १८८७ मध्ये इंग्रजांना शरण गेला आणि त्याला अलाहाबादेस ठेवले. वर होते, पण सगळे निर्वासित, आणि त्यातला प्रत्येक जण गादीचा दावेदार.

मग १८८५ आले. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या लाकूड कंपनीला थिबाच्या दरबाराने मोठा दंड केला. सागवानाच्या त्या भांडणाचे निमित्त झाले आणि नोव्हेंबरात जेमतेम दोन आठवड्यांच्या लढाईत मंडाले पडले. २९ नोव्हेंबरला राजाराणीला आगबोटीवर चढवले. थोरली पाच वर्षांची होती, दुसरी दोन वर्षांची आणि तिसरी आईच्या पोटात. ती १८८६ च्या मार्चमध्ये मद्रासला जन्मली. एप्रिलमध्ये हे कुटुंब रत्नागिरीला उतरले आणि चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीतच झाली.

रत्नागिरी का, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आगगाडी नाही, पावसाळ्यात बंदर बंद. जून लागला की बोटी थांबत आणि मग घाट उतरून येणारा लांबचा रस्ता तेवढा उरे. कैद्याला ठेवायला सरकारला अशीच जागा हवी होती. पण जी जागा कैद्यासाठी सोयीची, ती लग्नाळू मुलींच्या बापासाठी काय असते याचा विचार करून पाहा. या गावात ब्रह्मी माणूस म्हणजे फक्त राजाच्या पदरचे नोकर. पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणी भेटायला येऊ शकत नाही. आणि कोणी लग्न करायचे ठरवलेच, तर त्याला रत्नागिरीत येऊन सासऱ्याबरोबर नजरकैदेत राहावे लागणार. साध्या शब्दांत, घरजावई.

योगायोग पाहा, त्याच १८८५ सालच्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या धाकट्या मुलीचे, बिआट्रिसचे लग्न बॅटनबर्गच्या हेन्रीशी लावून दिले. राणीची आधी या लग्नाला परवानगी नव्हती, मुलगी आपल्याजवळ राहावी असे तिला वाटत होते. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. जावयाने राणीच्या घरी राहायचे. इंग्लंडच्या राजकन्याही मोकळ्या नव्हत्या. १७७२ च्या कायद्याने राजाची संमती लागे, आणि रोमन कॅथलिकाशी लग्न केले तर गादीवरचा हक्क जाई. तरीही स्थळे खुंटली तेव्हा राणीने वाट काढली. १८७१ मध्ये लुईझ या मुलीचे लग्न तिने राजपुत्राशी न लावता लॉर्न या स्वतःच्या प्रजेतल्या उमरावाशी लावले. राजाच्या मुलीने राजाच्या संमतीने प्रजाजनाशी लग्न करणे साडेतीनशे वर्षांत झाले नव्हते. घराण्याला जगायचे असेल तर रूढी कोठेतरी वाकवावी लागते हे तिने ओळखले होते. थिबाने ते ओळखले नाही. त्याला राजरक्ताचाच जावई हवा होता, आणि तसा जावई त्याच्या कोठडीपर्यंत पोचू शकत नव्हता.

पदच्युत राजांच्या मुलांची लग्ने हा इंग्रज दरबाराचा जुना विषय होता. कुर्गच्या राजाची मुलगी गौरम्मा १८५२ मध्ये लंडनला नेली गेली, ख्रिस्ती झाली, आणि खुद्द व्हिक्टोरिया तिची धर्ममाता झाली. राणीच्या मनात तिचे लग्न पंजाबच्या दुलीपसिंगाशी लावायचे होते. दोघेही राज्य गेलेले, दोघेही ख्रिस्ती झालेले, दोघेही दरबारात वावरणारे. कागदावर याहून नेमके स्थळ नव्हते. दुलीपसिंगाने नकार दिला. गौरम्माने तिच्याहून कितीतरी मोठ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १८६४ मध्ये, तेविशीच्या आतबाहेर, ती वारली. त्याच वर्षी दुलीपसिंगाने ईजिप्तमध्ये लग्न केले. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी मनापासून ठरवले, सगळ्या सोयी केल्या, तरी एका माणसाच्या ‘नाही’पुढे ते चालले नाही. रत्नागिरीत निदान तेवढे तरी झाले असते तर. इथे कोणी होकार किंवा नकार द्यायला समोर आलाच नाही.

आता जर-तरचा खेळ नीट मांडू. माझी अट एकच. जी माणसे त्या काळात खरोखर होती आणि ज्यांच्यापर्यंत वाट होती, त्यांचाच विचार करायचा.

पहिले स्थळ शान संस्थानिकांचे. ब्रह्मदेशाच्या पूर्वेला शान सरदारांची संस्थाने इंग्रजांनी मांडलिक म्हणून ठेवली होती. राजघराण्यापेक्षा त्यांचा दर्जा कमी, पूर्वी ते आपल्या मुली मंडालेला देत, राजाच्या मुली घेत नसत. पण १८८६ नंतर ब्रह्मदेशात गादी म्हणावी अशी तेवढीच शिल्लक होती. थिबाने ताठा सोडला असता तर हे सर्वांत सुसंगत स्थळ ठरले असते. आणि माझ्या मते इंग्रजांनी ते कधीच होऊ दिले नसते. ज्या सरदारांनी लिंबिनला पुढे करून बंड केले, त्यांच्या घरात थिबाची मुलगी सून म्हणून जाणे म्हणजे नव्या दावेदाराच्या जन्माची तयारी.

दुसरे सयामचे. तिथल्या घराण्यातही सावत्र भाऊबहिणींची लग्ने होत, धर्म एक, राज्य स्वतंत्र. पण १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली होती. शंभर वर्षांनीही ते वैर ताजे होते. हे स्थळ मी सोडून देतो.

तिसरे सिक्कीमचे, आणि इथे कल्पनेची गरज नाही, कारण हे स्थळ खरोखर एका ब्रह्मी राजकन्येला ठरले होते. अलाहाबादेस ठेवलेल्या लिंबिन राजपुत्राची मुलगी मा लात इंग्रजी शिकून, मोकळ्या वातावरणात वाढली. सिक्कीमचा सिदकेओंग टुल्कू याच्याशी तिचे लग्न ठरले. तो ऑक्सफर्डला राहून आलेला, १९१४ मध्ये गादीवर आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लग्नाआधीच वारला. मा लातने पुढे एका ऑस्ट्रेलियन माणसाशी लग्न केले. त्यांची मुलगी जून रोझ बेलामी हिने १९७६ मध्ये ब्रह्मदेशचा हुकूमशहा ने विन याच्याशी थोडा काळ टिकलेले लग्न केले. मा लात आणि थिबाच्या मुली एकाच घराण्याच्या, एकाच पिढीच्या. फरक होता तो अलाहाबाद आणि रत्नागिरी यांच्यातला. एकीकडे शाळा, भेटीगाठी, रेल्वेचे जंक्शन. दुसरीकडे पहारा आणि पावसाळ्यात बंद पडणारे बंदर. चौघी बहिणींच्या शिक्षणाकडे ना बापाने पुरेसे लक्ष दिले, ना सरकारने. त्या मराठी शिकल्या त्या आजूबाजूच्या माणसांकडून, बोलता बोलता.

मराठी राजघराण्यातलेच एक उदाहरण त्याच वर्षांतले आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे हिचे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरले होते. १९११ च्या दिल्ली दरबारात ती कूचबिहारच्या जितेंद्रला भेटली आणि तिने स्वतः पत्र लिहून शिंद्यांचे स्थळ मोडले. आईवडिलांचा विरोध झाला, पण १९१३ मध्ये लंडनला तिचे जितेंद्रशी लग्न झालेच. इंदिराराजेंना पत्र लिहायला भाषा होती, पाठवायला टपाल होते, भेटायला दरबार होता. धैर्य तिच्याकडे होतेच, पण धैर्याला हात-पाय लागतात, आणि तेच रत्नागिरीत नव्हते.

अशा सगळ्या वाटा बंद झाल्यावर गोपाळ सावंत यांच्याकडे पाहावे. त्यांचे पूर्वी रीतसर लग्न झालेले होते. थोरलीचे त्यांच्याशी नाते जुळले आणि मुलगी झाली, हे राजाराणीला मान्य नव्हते. सरकारलाही ते अडचणीचे वाटले. पण लोक नेहमी विचारतात, मग लग्न का केले नाही? याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. सावंत आधीच विवाहित असणे ही तेव्हा हिंदूंसाठी कायद्याची अडचण नव्हती, मुंबई इलाख्यात द्विभार्या प्रतिबंधक कायदा आला तो १९४६ मध्ये. अडचण होती धर्माची. हिंदू पुरुष आणि बौद्ध स्त्री यांना आपापला धर्म ठेवून एकमेकांशी नोंदणी लग्न करायची सोय नव्हती. १८७२ चा तिसरा कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचे तर दोघांनीही आपण हिंदू नाही, बौद्ध नाही, असे लिहून द्यावे लागे. शिवाय दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात असता कामा नये. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना धर्म न सोडता आपसांत असे लग्न करायची मुभा १९२३ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा टूटू सतरा वर्षांची होती, आणि जोडीदाराची अट तरीही कायम राहिली. ब्रह्मी रीतीत मात्र लग्नाला विधी लागतच नाही. दोघे नवरा-बायको म्हणून राहू लागली आणि चारचौघांनी तसे मानले की ते लग्न. मंडालेच्या मापाने थोरली आपल्याला संसारी मानू शकली असती. रत्नागिरीत ते माप कोणी वापरले नाही.

मला या नात्याला प्रेमकथेचा मुलामा द्यायचा नाही. थोरलीच्या वाट्याला पुढे गरिबीच आली. पण एक गोष्ट विसरता येत नाही. १९१६ च्या डिसेंबरात थिबा वारला. १९१७ च्या फेब्रुवारीत दुसरीने राजाच्या पदरच्या खिन माउंग जी या चिटणिसाशी लग्न केले, आईच्या मनाविरुद्ध, घरातून निघून जाऊन. तिचाही नवरा पहाऱ्याच्या आतलाच माणूस, कारण बाहेरचा कोणी येऊच शकत नव्हता. ती दोघे पुढे कालिंपाँगला राहिली आणि ती १९५६ मध्ये तिथेच वारली. १९१९ मध्ये राजाचे आणि धाकट्या राणीचे, म्हणजे सुपायालतच्या बहिणीचे, शव रत्नागिरीत समाधीस्थ करून उरलेल्यांना रंगूनला जाऊ दिले. तिथे, आपल्या माणसांत पोचल्यावर, एक-दोन वर्षांत तिसरीचे आणि चौथीचे लग्न झाले. दोघीही तिशी उलटून गेलेल्या होत्या. बंदर उघडताच स्थळे आली. इतकी वर्षे अडत होते ते मुलींमुळे नव्हते.

थोरलीही रंगूनला गेली होती. तिलाही आता नवे घर मिळाले असते, निदान बहिणींच्या जवळ राहता आले असते. ती टूटूला घेऊन परत रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिली. कैद संपल्यावर, दोन्ही देश पाहून, स्वतःच्या पायांनी केलेली ही निवड आहे. तिच्याबद्दल लिहिताना सगळे तिला बळी म्हणतात. बळी ती होतीच, पण चौघींत कैदेच्या गावी आपणहून परतलेली ती एकटीच, आणि कोणता वर मिळाला असता या आपल्या जर-तरमध्ये या परतीला जागाच नसते.

इकडे रंगूनला चौथीने इंग्रजी शिकून सरकारला अर्ज लिहायला सुरुवात केली. आपल्या घराण्याची रत्ने परत द्या, ङा माउक नावाचे माणिक कोठे गेले सांगा, असे ती विचारू लागली. १९३२ मध्ये सरकारने तिला मौलमीनला हलवले, १९३६ मध्ये ती वारली. तिला मुले होती, तिसरीला एक मुलगी. १९४४ मध्ये चौथीचा मुलगा तॉ फया याचे तिसरीची मुलगी रिटा हिच्याशी लग्न झाले. मावसभाऊ आणि मावसबहीण. मिंडॉनच्या दरबाराने जे स्थळ थोरलीसाठी शोधले असते, घरातलेच, रक्तातलेच, ते राज्य जाऊन साठ वर्षे होत आल्यावर नातवंडांच्या पिढीत सापडले.

थिबाची सर्वांत मोठी नात मात्र टूटू. तिने रत्नागिरीतल्याच मराठी माणसाशी लग्न केले, मराठीतच संसार केला, आणि २००० साली ती वारली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीपाशी आले, तेव्हा तिच्या मुलाबाळांची घरे त्याच गावात होती.